साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर

अरे, नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात नवा प्रिंटर आलेला, सगळ्यांच्या कॉम्प्युटरना जोडायचा होता. सावंतसाहेब मला म्हणाले, “माझ्या केबिनमध्ये ठेव. कोण काय छापतं ते कळू दे.”

ठेवला. पण साहेब जेवले की खुर्चीतच डुलकी काढतात. मी रोज नेमकं तेव्हा माझ्या जागेवरून टेस्ट पेज सोडायचो. प्रिंटर असा घरघरायचा की साहेब दचकून उठायचे.

शेवटी म्हणाले, “हा तुझ्या टेबलाशेजारी घे बाबा. माझं कामात लक्ष लागत नाही.”

आम्ही कटिंग चहा मागवून साजरं केलं.

पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव टेस्ट पेजवर येतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आता जेवणानंतर माझा डोळा लागला की प्रिंटर घरघरतो, आणि पानावर नाव असतं साहेबांचं.