काट्यावर पाह्यलेलं लगीन

…आन् वर मलाच इचारत्यात, “कारभारी, सख्ख्या पोरीच्या लग्नात तू होता कुठं?” आता काय सांगू! होतो ना बाबा, तिथंच होतो, जालन्यात, बजरंगलाल सेठच्या कापसाच्या जिनिंगात, मांडवापासून हाकेवर, इंजनाच्या खोलीत… काटा कोण बघणार?

तुम्हाला सांगतो, सारी हौस आमच्या सगुणाबाईची. “सेठच्या कारखान्यात वीज तुम्ही सांभाळता, आन् आपल्या चतुराचं लगीन कंदिलात लावता व्हय?” गेलो सेठकडं. दिलदार माणूस! “कारभारी, बत्ती फुकट, मांडव आवारातच घाल. लेकिन मीटरपाशी तूच बस. डायनामो जळला तो नौकरी गई!”

मीटर म्हंजे दोन काटे. एक व्होल्टेजचा, विजेला जोर किती ते दाखवतो. दुसरा ॲम्पियरचा, तारंतून वीज वाहती किती ते. दिवे वाढले की दुसरा चढतो, पहिला बसतो, मंग काट्याखालची मूठ फिरवून त्याला उठवायचं. आन् दुसरा लाल रेघंच्या वर गेला का डायनामोचा कोळसा! हाताखालच्या कडूबाला म्हणलं, “घडीभर बस रे.” तर त्यो काट्यांकडं बघून म्हणतो, “मामा, ह्यात वाजले किती?” घ्या! आता काटा कोण बघणार?

व्याही जाफराबादचे. विजेचे दिवे पाह्यले आन् पिसाळलेच! “घोड्यापाशी एक लावा, आत्याबाईला दिसंना, तिकडं एक लावा…” ते दिवे लावून राह्यले, मी मूठ फिरवून राह्यलो! इंजनाच्या धडधडीत मंगलाष्टका ऐकू येत्यात व्हय? सारं काट्यावरून समजायचं. चढला… म्हणलं, नवरदेव आला. आणखी चढला… पंगत बसली. कन्यादान माझ्या थोरल्या भावानं केलं म्हणं. पोरीला तेवढं सांगितल्तं, “निघताना बापाला भेटून जा गं.”

मंग काटा उतराया लागला. पंगतीचे दिवे गेले, घोड्यापाशचा गेला… आता जोर वाढून उरलेले दिवे फुटत्यान, म्हणून मी मूठ मागं घेऊन राह्यलो, मान वर करायची सोय न्हाई… आन् काटा आला शून्यावर! व्होल्टेज बघा, जिथल्या तिथं, बिलकुल बराबर. वाहायलाच काही उरलं न्हाई.

इंजन बंद करून पळालो. मांडवात अंधार. सगुणाबाई एकटीच डोळे पुशीत बसलेली. “गाड्या गेल्या हो. पोरगी तुमच्या दारात येऊन हाका मारून राह्यल्ती… मंग तुमच्या पाठीलाच नमस्कार करून गेली.”

तिथंच मातीत बसलो आन् लहान लेकरावानी रडलो, खोटं कशाला बोलू?

सकाळी सेठ खूश. “डायनामो एकदम सलामत! शाबास कारभारी, धाकटीच्या लग्नाला बी बत्ती फुकट!” आता सेठला न्हाई कोण म्हणणार? घरी आलो आन् धाकटीला सांगून ठिवलं, “बाई, तू आपली हळद लागायच्या आधीच भेटून जा.”