वळचणीचा गिलास

माझं माहेर मुदखेडकडचं, दिलं इकडं रेणापूरजवळ. बापानं विहारात लग्न लावलं, आन सासरी आले तशी सासूनं हातात खुरपं दिलं, ते केस पिकले तरी सुटलं न्हाई. स्वतःचं रान न्हाई, मग लोकाच्याच रानात.

कुसुमबाईच्या घरी लई शेती, सोयाबीन, तूर, बारमाही काम. चहाच्या टायमाला बाकीच्या बायांना घरातली कपबशी, आन आम्हा बौद्धवाड्यातल्या बायांना एक स्टीलचा गिलास, बाहेर वळचणीला खोचलेला. पिऊन आपनच धुवायचा, तिथंच खोचायचा. वाईट वाटायचं का म्हनून काय इचारता? जळायचं हो आतून. पर सांजच्याला चूल पेटवायची असती ना.

मग कॉलेजात पिच्चर काढायला शिकनारी पोरं गावात आली. त्यांची म्होरकी ऋता, गोड पोरगी, मावशी मावशी करायची, माझ्या हातची भाकर खाल्ली. म्हनली, मावशी तुमचं दुःख जगाला कळलं पायजे. मी म्हनले, बाई, माझं काम जाईल. ती म्हनली, तोंड धूसर करतो, गावाचं नाव घेत न्हाई. मग बोलले, मनातलं सगळं बोलले, रडले बी. कुसुमबाई घरी नव्हती तवा वळचणीचा गिलास काढून दाखवला, तर जाताना तो बी माझ्याकडून मागून नेला.

लातूरला दाखवला पिच्चर, मला गाडी पाठवली. पडद्यावर माझं तोंड नुसतं धुकं, आन गिलास आला हा एवढा मोठा! त्याच्यावर कोरलेलं लख्ख, चि. कुसुम हिस मामाकडून, खाली आडनाव, गाव. अगं बया! आहेराचा गिलास तो, नाव असनारच की. आमी रोज पिनाऱ्या, रोजच्या गिलासावरचं कोन वाचतं? पर ही एवढी शिकलेली लेकरं, मला झाकायच्या नादात त्यांनी बी बघितलं न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला शाल दिली.

गावात मोबाईलवर फिरलं सगळं. कामाला गेले तर कुसुमबाई दारातच उभी. म्हनली, शेवंता, इज्जत घालवलीस माझी, आधी माझ्या मामाचा गिलास आन, मगच रानात पाय ठेव. मी म्हनले, बाई, एवढा मामाचा व्हता तर उंबऱ्याच्या आत कधी का घेतला न्हाई? झालं. तवापासून गावात कुनीच मला कामाला सांगत न्हाई. आमच्या बाकीच्या बाया बी माझ्यापासून तोंड चुकवून राहिल्या, त्यांचं बी काम जाईल म्हनून.

ऋताला फोन केला. म्हनली, मावशी, गिलास प्रदर्शनात ठेवलाय, काचेच्या पेटीत, लोकं बघून रडतात. मी म्हनले, लोकं रडून घरी जातात बाई, मी कुठं जाऊ?

आता टेम्पोत बसून मोंढ्यात जाते, बाजारात धान्य निवडायला. कुसुमबाईकडं आता आमच्या बायांना कागदाचे कप. पिऊन फेकायचे, धुवायची कटकट न्हाई.

तुमी लिहून राहिलात तर लिहा, पर माझं नाव पुसू नका, आता कुनापासून लपवायचं? आन ती ऋता भेटली तर सांगा, मावशी शिव्या देत न्हाई, सुखी राहा म्हनती. फक्त गिलास मागती. तो देऊन काम परत मागायला न्हाई. कुसुमबाईच्या अंगनात नेऊन आपटायचाय मला.