घटसर्प, मादी, वय नऊ

गुरांचे डॉक्टर कोलशेतला आले, त्यांनी काय विचारलं, सगुणाबाईंनी काय उत्तर दिलं, यातलं काहीही मी स्वतः पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण परवा आमच्या सोसायटीत कुणीतरी ही हकीकत अशी रंगवून सांगत होतं की जणू मीच त्या म्हशीचा कासरा धरून उभी होते... अहो, कासरा सोडा, म्हैसच नव्हती. म्हैस कधीच नव्हती. पण नोंद झाली आहे. यशस्वीरीत्या.

कसली नोंद म्हणाल, तर तुम्हाला सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्राची, वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं लोकांच्या घशांतलं, लघवीतलं आणि थुंकीतलं सत्य शोधते आहे. त्या सोमवारी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घशातला नमुना आला. प्राप्ती, कोलशेतच्या कोळीवाड्यातली. घशात राखाडी पडदा, मान सुजलेली, आणि भिंगाखाली ते जंतू, काड्यापेटी सांडावी तसे तिरपेतारपे. घटसर्प. यावर निम्मे सुशिक्षित लोक विचारतात, "तो अजून असतो?" असतो. लस बुडली की असतो. मुलीला रुग्णालयात प्रतिविष मिळालं, तिच्याकडे बघणारे होते. मला चिंता होती ती तिच्या गल्लीतल्या अकरा मुलांची. सर्वांत धाकटं दीड वर्षाचं. त्यांच्यापर्यंत लस आणि औषध घेऊन पथक जायचं, तर केस आधी राष्ट्रीय पोर्टलवर दिसायला हवी. मी आरोग्य खात्यात फोन केला, तर उत्तर काय? "दिसली की निघतो, मॅडम." म्हणजे जंतू खरा, मुलगी खरी, पण दिसली पाहिजे.

आता हे पोर्टल नवं, एकात्मिक; माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांचे रोग एका छपराखाली. सुरुवातीलाच विचारतं, भाषा निवडा. माझी सहकारी ऋजुता म्हणाली, "अगं सुमेधा, इंग्लिशमध्ये भर ना, पटकन होईल." पण मी कशी ऐकणार? सरकारनं दिलेली मराठी आपणच वापरली नाही तर वापरायची कुणी? मी 'घटसर्प' टंकलं, यादीत एकच घटसर्प आला, तो घेतला. पुढे, लिंग : नर किंवा मादी. म्हटलं, काय हे भाषांतर... मादी. पुढे, मालकाचे नाव. म्हटलं, 'पालकाचे' हवं, 'प'चा 'म' झालाय, हल्ली मुद्रितशोधन करतो कोण? आजोबांचं नाव भरलं, दामाजी. संपर्कातील संख्या, अकरा. "आपली नोंद यशस्वीरीत्या झाली आहे." आणि त्यानंतर मी काय केलं असेल? पाऊण तास बसून त्यांना अशुद्धलेखनाबद्दल पत्र लिहिलं. पाऊण तास.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत पथक नाही. हेल्पलाइनवर मयूर नावाचा एक गोड आवाज.

"मॅडम, तुमची एंट्री ॲनिमल साइडला गेलेली ना."

"ॲनिमल म्हणजे?"

"घटसर्प गुरांचा असतो मॅडम. माणसांचा डिप्थीरिया. 'ड'मध्ये बघा."

पाहिलं. होता. 'ड'मध्ये, देवनागरीत, ऐटीत बसलेला. गुरांनाही घटसर्प होतो, जंतू निराळा, नाव तेच. हे मी एम.एस्सी.च्या पेपरात लिहिलेलं आहे, गुण मिळवलेले आहेत.

"मग दुरुस्त करा."

"नाय होत मॅडम. सिस्टममध्ये माणसाचा प्राणी होतो, प्राण्याचा माणूस नाय होत."

"मी नवीन नोंद करते."

"सॅम्पल नंबर यूज झालाय. म्हशीवर."

"म्हैस कुठून आली?"

"कायच सिलेक्ट नाय केलं ना, की म्हैस पडते."

"अहो, आणि ती अकरा मुलं?"

"वासरं ना? टेन्शन नका घेऊ मॅडम, टीम निघाली."

आणि खरंच निघाली. माणसांचं पथक नोंद शोधत बसलेलं, आणि गुरांचं बुधवारी सकाळी नऊला कोळीवाड्यात हजर, लशीच्या पेटीसकट. डॉक्टर त्र्यंबक, सज्जन गृहस्थ. पुढचं संभाषण मी त्यांच्याकडून आणि प्राप्तीच्या आजीकडून, सगुणाबाईंकडून, वेगवेगळं ऐकलं आणि दोन्ही जबान्या जुळतात, म्हणून सांगते.

"दामाजी कोण?"

"माजा घरवाला. खाडीन गेलाय."

"आजारी आहे ती कुठंय?"

"इस्पितळान."

"इस्पितळात? नेली कशी?"

"रिक्षान. मांडीव घेतली ना मी."

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला. "आजी, दूध किती?"

"दुधाला त्वांड नाय लावत ती. रोज मावरा पायजे तिला, बोंबील नायतर बांगडा."

इथवर, ते स्वतः मला म्हणाले, ते लिहून घेत होते.

"बरं... कान टोचलेत?"

"टोचलंन ना, बाराव्या दिशी. सोन्याच्या बाल्या हायत."

तेव्हा त्यांनी वही मिटली. दारातच उभं राहून आरोग्य खात्यातल्या एका मित्राला स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला आणि म्हणाले, "अरे, ही म्हैस तुझी आहे." गुरुवारी पथक आलं. अकराही मुलांना लस मिळाली, औषध मिळालं, एकालाही काही झालं नाही. म्हणजे ज्या कामासाठी देशभर यंत्रणा उभी आहे, ते एका पशुवैद्याच्या खाजगी फोननं झालं. आणि नोंद तर झालीच आहे.

प्राप्ती आता शाळेत जाते. मला मात्र दर सोमवारी सूचना येते, 'प्रकरण बंद करा'. पर्याय तीन : बरी झाली, दगावली, विकली. 'बरी झाली' दाबलं की कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक मागतं. मी बाल्यांचं वजन लिहू का?

ते एक असो. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. लहान मुलीच्या घशात हा जंतू आपोआप उगवत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी घशातून येतो, आणि तो घसा कुणाचा हे शोधायला माणूस पाठवायचा असतो. म्हणून मी नोंद उघडून पाहिली. शोध पूर्ण, असं लिहिलेलं आहे. खाली शेरा : 'कोलशेत परिसरात गोठा आढळला नाही.'