निरंक माहिती

— तर निरंक लिहा. बत्तीस वर्षं कारकुनी केली साहेब, निरंक म्हणजे काय ते मले नका शिकवू. काहीच नाही, अन् असलं तरी कागदावर नाही. 'घरी धार्मिक वर्ग भरतो काय' — नाही भरत. ते कोपऱ्यात काय पाहून राह्यले? रेहल हाय, कुराण ठेवाची घडीची लाकडी बैठक. अशा लय होत्या. माझी बायको जोहराबी याच ओसरीत असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर पोरींना कुराण शिकवे. बावीस पोरी, सव्वीस वर्षं. कर्फ्यू लागलता तवा पोरी मागच्या भिंतीवरून उतरत, अन् एक चुकली की सगळ्यांनी पान पुन्हा वाचाचं — कर्फ्यूतही. अशी शिस्त आमच्या ऑफिसात नव्हती.

मग वर्ग बंद कोणी केला? मीच. मागच्या साली ऐकलं, अशा वर्गांची यादी होऊन राह्यली. नोटीस आलती काय? नाही. कोणी विचारलं होतं काय? तेही नाही. पण कारकुनाचा हात — प्रश्नाच्या आधी उत्तर तयार. 'सदर घरी असा कोणताही वर्ग भरत नाही.' तीन प्रती, पोचसुद्धा घेतली. एक प्रत तिच्या हाती लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणे, "जिया के अब्बा, तुम्हारा कागज झूठा नई पडना." सतरंजी उचलली, रेहली पोत्यात भरल्या — ही एक मागं काहून ठेवली, अजून सांगितलं नाही — अन् तवापासून अजान झाली की चालली नसरीनकडे —

कोण नसरीन? मी नाव घेतलं काय? तिच्याच हातची शिकलेली, गॅरेजवाल्या अफरोजची बायको — हेही लिहिलं तुम्ही? खोडा. खोडत नाही म्हणता. माहीत हाय, मीही कधी खोडलं नाही.

मग खाली लिहा. वर्ग याच घरी भरते. शिकवणारा मी, गुलाम नबी. मागच्या सालचा कागद खोटा, आताचं बोलणंही खोटं, म्हातारा बरळते — लिहा, सही करतो. मले अरबी वाचता येते काय, हा रकाना तुमच्याकडे नाही, मी पाहिलं. विद्यार्थिनी बावीस. आज हजर? ओसरीकडे कायले पाहता? बावीसच्या बावीस हजर.

द्या पेन. झालं. निघा आता. चहाचं विचारलं असतं, पण घरात कोणी नाही.