तिला ऊन लागायला नको

...नाही, मला एक सांगा, मे महिन्यात सावद्याला उभी असलेली गाडी तापणार नाही तर काय गारठणार? पारा पंचेचाळीसच्या वर, केळीच्या बागेत पान हलत नाही, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि दुबईहून मला व्हॉइस मेसेज येतो, "प्रशील, भाई, तिला ऊन लागायला नको." ऊन लागायला नको! म्हणजे मी नेमकं काय करू? तिच्या खिशात कांदा ठेवू? कैरीचं पन्हं पाजू?

बरं, गाडी तरी साधी आहे का... लाल, दोन माणसांची, जमिनीपासून वीतभर वर, इंजिन मागे आणि डिकी पुढे. घेतली कोणी, तर हितेंद्रनं. हितेंद्र म्हणजे देवचंद नानांचा एकुलता एक मुलगा. नाना सावद्याचे मोठे केळीवाले, बागा आहेत, ट्रक आहेत, केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. मुलानं आखातात केळी पाठवायचा धंदा काढला, धंदा चालला, गाडी आली, आणि गाडी आल्यावर वर्षाच्या आत साहेब स्वतःच दुबईला ऑफिस थाटून बसले. गाडी इथं, मालक तिथं, मधे समुद्र. इथं होता तेव्हा तरी कुठं चालवली? एकदा धुळ्याला, मावसभावाच्या लग्नात. तीही वरातीत! आता तुम्हीच सांगा, पळाल्याशिवाय जिच्या इंजिनाला वाराच लागत नाही, ती गाडी बँडवाल्यांच्या पावलानं चालवली तर काय होणार? पाणी उकळलं, मागून वाफ निघाली, नवरदेव उतरून रस्त्याच्या कडेला उभा, आणि वऱ्हाड्यांनी नाचत नाचत गाडी मांडवापर्यंत ढकलत नेली. तेव्हापासून हितेंद्रनं जो धसका घेतलाय तो आजतागायत... तिला ऊन लागायला नको.

मी यात कसा सापडलो म्हणता? मी मेकॅनिकल इंजिनीअर. जळगावातच शिकलो. पुण्याची नोकरी लागली होती, घेतली नाही. म्हटलं, आपला भाग भाजून निघतोय आणि आपण पुण्याला जाऊन एसीत बसायचं? इथं राहू, उन्हात राबणाऱ्या माणसांसाठी स्वस्तातला गारवा तयार करू. मित्र म्हणाले, ग्रेट आहेस यार तू, आणि ग्रेट आहेस ग्रेट आहेस म्हणत एकेक जण पुण्याची बस पकडून गेला. बाबा वरणगावच्या फॅक्टरीत, ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे अगदीच नाही असं नाही, आई फोनवर असली की मागून आवाज येतो, "विचार त्याला, मिळाला का गारवा." मी जळगावात एक खोली घेतली. खोलीत मी, एक पंखा आणि माझे आराखडे. संध्याकाळी कुणाशी बोलायचं तर पंखा. तोही करकरतो.

तर केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांसाठी शेडची कल्पना घेऊन मी नानांकडे गेलो. वाळ्याचे पडदे, त्यांच्यावरून झिरपणारं पाणी, मागे एक पंखा, झालं. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "ते पाहू मंग. आधी आमची गाडी थंडी करून दे."

मी मनात पेटलो. माणसं उन्हात आणि लाड गाडीचे? पण पेटून बाहेर जायचं कुठं, बाहेरही पंचेचाळीसच. हो म्हटलं.

आता ऐका, खरी गोम पुढे आहे. या गाडीत सिमकार्ड आहे. आतली हवा ठरलेल्या आकड्याच्या वर तापली की दुबईत हितेंद्रच्या मोबाईलवर घंटा वाजते. घंटा वाजली की तो नानांना फोन करतो. आणि एरवी? एरवी करत नाही. दिवाळीला मेसेज येतो, पणतीचं चित्र. हितेंद्रची आई, लताकाकू, होत्या तोवर त्या रोज आपणहून त्याला फोन लावायच्या. त्या गेल्या आणि नाना आपले म्हणतात, पोरगं कामात असीन, आपण कशाले मधी बोलायचं. म्हणजे बापलेकाचं सगळं बोलणं त्या गाडीच्या पाऱ्यावर चाललेलं.

मला मात्र तेव्हा एवढंच दिसत होतं की पारा खाली आणायचा. पहिला उपाय नानांनीच काढला. "केळी थंडी राहते, मंग गाडी काहून नही राहणार?" मलाही पटलं की हो! सांगायला लाज वाटते, पण पटलं. पिकवणीच्या खोलीत एका बाजूच्या क्रेट हलवल्या, मधे गाडी, चारी बाजूंनी हिरवी केळी. घंटा एकदम बंद. मी खूश. पण त्या खोलीत नुसता गारवा नसतो हो, ओलही असते, केळी सुकू नये म्हणून. केळी पिवळी होऊन बाजारात गेली आणि मी गाडीचं दार उघडलं तर चामड्याच्या सीटवर पांढरी बुरशी! आणि वास... तुम्हाला सांगतो, आजही त्या गाडीत बसलं की शिकरण खाल्ल्यासारखं वाटतं. फोटो दुबईला गेला आणि हितेंद्रचा फोन आला. मोठा फोन. आधी नानांना झापलं, मग मला झापलं. मी मान खाली घालून उभा, आणि बघतो तर नाना फोन ठेवून प्रसन्न. म्हणाले, "बराच वेळ बोलला आज."

तिथंच माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. नाही लागला.

मी शेड बांधली. तीच, मजुरांसाठी काढलेली, वाळ्याच्या पडद्यांची. गाडी मधे ठेवली आणि गंमत बघा, दुपारी भाकरी खायला सगळे मजूर तिथंच यायला लागले, गाडीभोवती पंगत! म्हटलं चला, गाडीच्या निमित्तानं का होईना, माणसाला सावली मिळाली. आतून असा गार झालो मी. घंटा बंद. एक दिवस नाही, आठवडाभर नाही, वाजलीच नाही. हितेंद्रचा मेसेज, "भाई, तू जिनिअस आहेस." मला वाटलं, हे बाबांना कुणीतरी मागून सांगावं.

आणि मग मधेच गाडी तापायला लागली. रोज दुपारी. दुबईहून विचारणा, "शेडमध्ये आहे ना? मग तापते कशी? मी सांगितलं होतं, तिला ऊन लागायला नको." मी पंखा बदलला, पडदे बदलले, वायरिंग तपासलं. काही नाही. शेवटी न सांगता मोटरसायकल काढली, भुसावळवरून तापलेला वारा तोंडावर घेत भर दुपारी सावदा गाठलं. बघतो तर शेडमध्ये मजूर जेवतायत, मधली जागा रिकामी, आणि गाडी अंगणात, भर उन्हात, काचा बंद. समोर ओट्यावर नाना. चावी बंडीच्या खिशात, मोबाईल मांडीवर.

म्हटलं, "नाना, ही बाहेर कशी आली?"

"कोनं लोटली असीन."

मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. नानांनी तो वाजू दिला थोडा, घाई दिसू नये म्हणून. मग, "हा, हितू... तापली व्हय? पाहतो, पाहतो... जेवला का तू? तिकडे ऊन कसं हाये? ...बरं, बरं, ठेव." झालं. पडद्यावरचं नाव विझलं तरी नाना फोन कानाला धरून बसले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गाडी लय थंडी ठेवतो रे भो. पोराचा आवाजच बंद करून टाकला."

आता यावर इंजिनीअरनं काय म्हणायचं? कॉलेजात उष्णता कुठून कुठं जाते हे शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं. मी शेडमध्ये जाऊन पाणी प्यायलो. दुबईला कळवलं, सेन्सरमध्ये बिघाड वाटतो, बघतोय. मनात ठरवलं, त्याला एकदा स्पष्ट सांगायचं, अरे बाबा, कधीतरी गाडी थंड असताना फोन कर. ठरवलं, आणि शब्द जुळवत बसलो.

मी जुळवतोय तोवर हितेंद्रनं स्वतःच तोडगा काढला. हुशार मुलगा! म्हणाला, "मी मीटिंगमध्ये असतो यार, आणि पप्पांनाही रोज त्रास. अलर्ट तुझ्या नंबरवर टाकलाय. आता तू आणि गाडी बघून घ्या. फक्त तिला ऊन लागायला नको." माझे शब्द माझ्यापाशीच राहिले. नानांना मीच जाऊन सांगितलं, की आता घंटा माझ्याकडे वाजणार, तिकडे नाही. नाना म्हणाले, "बरं." एवढंच. आत गेले.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जळगावात, खोलीत, पंखा करकरतोय, आणि माझ्या मोबाईलवर घंटा. गाडी तापली! म्हणजे हा माणूस सगळं माहीत असूनही गाडी उन्हात काढून बसलाय... मी बघत राहिलो मोबाईलकडे. मग लावला फोन. म्हटलं, "नाना, गाडी तापली."

"तापली व्हय?" मग म्हणाले, "जेवला का तू?"

तुम्हाला सांगतो, नव्हतो जेवलो. आणि असं कुणी विचारेपर्यंत ते माझ्या लक्षातही नव्हतं आलं. नानांनी कढी-फुणके केले होते, डाळीचे वाफवलेले गोळे, लताकाकूंसारखे जमत नाहीत म्हणाले. मी म्हटलं डाळ जास्त बारीक वाटत असाल. फुणक्यांतलं मला काय कळतंय? पण बोललो बराच वेळ. दुसऱ्या दिवशी परत घंटा, परत फोन. तिसऱ्या दिवशी परत. माझं काम काय, गाडी थंड ठेवणं, आणि दुपार झाली की मी मोबाईल उशाशी घेऊन बसलेलो, अजून तापली कशी नाही?

आता मृग लागलाय. पाऊस नाही, पण आभाळ गच्च भरलेलं, ऊन म्हणून नाही. घंटा वाजायचं नाव नाही. काल नाही, परवा नाही. मी मोबाईल बंद करून परत चालू केला, रेंज बघितली, खिडकीत नेऊन धरला. काही नाही. आणि आज दुपारी वाजला... घंटा नव्हे, फोन. नाना. अगदी हळू आवाजात, शेजारी कुणी ऐकत असल्यासारखं विचारतात, "काय रे भो, या गाडीत हीटर असतो का?"

मग काय करता... सांगितलं. असतो नाना, मधलं बटण, लाल रेघेकडे फिरवा. आणि काचा नीट लावून घ्या, नाहीतर तापायची नाही.