आधी नमुना, मग भिंत

आणि वर मलाच विचारतात, "पोरी, तुझी घाई कसली एवढी?" घाई कसली? अहो, माझं पोर रांगतंय! नुसतं रांगत नाही, धरून उभं राहायला लागलंय! घराच्या मागे बाग, बागेच्या टोकाला ओढा, आणि बाग नि ओढा यांच्या मध्ये काय? काही नाही! वारा! पूर्वी तिथं झुडपांचं कुंपण होतं हो, चांगलं दाट, मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. पण मी एकदा, एकदाच हं, तोंडातून शब्द काढला, की आमचा लोदे चालायला लागायच्या आत तिथं भिंत झाली तर माझ्या जिवाला घोर राहणार नाही... झालं! माझे सासरे, आशील त्यांचं नाव, दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन आले नि सगळं कुंपण मुळासकट उपटून मोकळे! "सुरुवात झाली की निम्मं काम झालं," म्हणाले. ते निम्मं काम झालं मार्चमध्ये. आणि ओढा आपला वाहतोय!

तुम्ही म्हणाल, भिंत ती काय, विटा आणा, गवंडी बोलवा, लावा. तुम्ही आमच्या फ्लँडर्सातले दिसत नाही! तुम्हाला सांगते, माझ्या नवऱ्यानं, योरिसनं, मला गावच्या जत्रेत पाहिलं आणि हातातले बटाट्याचे तळलेले काप गार व्हायच्या आत लग्नाचं विचारलं. बायको पसंत करायला एवढाच वेळ! आणि विटेला? दर शनिवारी विटांचं दुकान! पोर कडेवर, पिशवीत दुधाची बाटली, आणि हे बापलेक विटांसमोर माना वाकड्या करून उभे.

"ही लाल बरी आहे," मी आपली म्हणते.

"ही लाल? ही लाल नाही गं, करपट आहे ही."

"मग ती?"

"ती तर पिवळ्यावर चाललीय!"

मला बाई सगळ्या विटाच दिसत होत्या.

दुकानदार आणखी तरबेज! म्हणतो, "बाई, ही वीट नवी, पण दिसते जुनी. भाजून झाली की पिंपात घालून गरागरा फिरवतो तिला, कोपरे तुटेपर्यंत."

"मग स्वस्त असेल?"

"स्वस्त? तुटलेल्या कोपऱ्यांचेच तर पैसे आहेत!"

म्हटलं, आणि साधी, नवी, न तुटलेली वीट नाही का हो तुमच्याकडे? त्यानं इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला... "आहे. मागच्या बाजूला. डुकरांच्या गोठ्यासाठी नेतात लोक." सासरे तर असे लाजले, जसं काही मी भर चर्चमध्ये शिंकले! आणि ओढा आपला वाहतोय!

बरं, विटेवर भागलं असतं तर! विटेबरोबर मजुरी येते. आमचा गवंडी गोमार. माणूस सोन्यासारखा, पण सोन्याच्याच भावानं मिळतो. तो वीट हातात घेऊन उलटसुलट करतो, सुस्कारा टाकतो. "वहिनी, सरळ वीट असली की हात पळतो. हातानं थापलेली वाकडी वीट असली की एकेकीची समजूत घालावी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवस दुप्पट, मजुरी दुप्पट. आणि जुन्या घराची वीट आणलीत तर आधीचा चुना तासायला बिगारी लागेल, त्याचा रोज वेगळा."

म्हणजे बघा, वीट महाग घेतली की मजुरीला पैसे उरत नाहीत, आणि वीट जितकी महाग तितकी मजुरी जास्त! योरिस डोकं धरून बसला. मग एकदम उजळला. "मजुरीच वाचवू! मी नि बाबा मिळून बांधू!" म्हटलं, तुझ्या बाबांनी बांधलेलं खुराडं बघितलंस? कोंबड्या पावसात भिजतात, पण आत पाऊल टाकत नाहीत! त्यांना जीव प्यारा आहे.

मी म्हटलं, तोवर निदान जाळी तरी लावा, कोंबड्यांची. सासरे म्हणाले, "जाळी? माझ्या बागेला? आमच्या तीन पिढ्या वीटभट्टीवर राबल्या पोरी, आणि मी जाळी लावू? शिवाय खांब रोवणार कुठं? तिथंच तर पाया यायचाय!" पाया यायचाय म्हणून जाळी नाही, आणि वीट ठरत नाही म्हणून पाया नाही. आणि ओढा आपला वाहतोय!

मग निघालं नमुन्याचं. "वीट हातात घेऊन कळत नसते," सासरे म्हणाले. "आधी नमुना, मग भिंत. बांधून बघायची. ओली कशी दिसते, कोरडी कशी दिसते." गोमारनं बागेत गुडघ्याएवढी, हातभर रुंद भिंत बांधली. ओली कशी दिसते ते दुपारीच कळलं. कोरडी कशी दिसते ते कळायला... अहो, आमच्याकडचा पाऊस! मे उजाडला! कोरडी झाल्यावर ती जांभळट निघाली. दुसरी बांधली, ती सासऱ्यांना खिम्यासारखी दिसली. तिसरी शेजारच्या गोडलीव्हबाईंना आवडली, म्हणून बाद. आणि प्रत्येक नमुन्याला गोमारचा अख्खा दिवस! माल कालवायचा, मग कॉफी, मग माझ्या हातचा सफरचंदाचा केक, मग दुपारची बियर, मग तिघांनी मागं सरकून डोळे बारीक करून बघायचं. आणि बांधायच्या कुठं, तर दारापासून ओढ्यापर्यंत एका ओळीत! का? तर उजेड प्रत्येक ठिकाणी वेगळा पडतो!

योरिस हळूच म्हणाला, "मजुरीचे पैसे संपत आले गं."

"आणि भिंत?"

"भिंत अजून... सुरू नाही."

आणि मग जुलैचा तो शुक्रवार. मी कपडे वाळत घालत होते. चादर झटकली, दोरीवर टाकली, खाली बघते तर लोदे नाही! चादर बाजूला करते तर काय... पहिल्या नमुन्याला धरून उभा. हात सोडला, एक पाऊल, दोन पावलं, दुसरा नमुना धरला! माझं पोर चालतंय! लोकांच्या आया अशा वेळी आनंदानं रडतात हो, आजीला फोन करतात! मी धावतेय! आणि ते लबाड हसतंय, खिम्याची भिंत सोडतंय, गोडलीव्हबाईंची धरतंय, पुढची, त्याच्या पुढची, जसा काही खास त्याच्यासाठी कठडाच बांधलाय ओढ्यापर्यंत! शेवटच्या नमुन्यापाशी त्यानं हात सोडला तेव्हा समोर बदकं होती, नुसती बदकं आणि पाणी. एक पाय उचललेला... मी लंगोट धरून मागं खेचलं.

अशी किंचाळले म्हणता! तिघेही कॉफीचे पेले घेऊन धावत आले. पोर माझं तोंड बघून रडतंय. सासरे गुडघ्यावर बसले. म्हटलं, आता नातवाला जवळ घेतील. त्यांनी भिंतीवर टकटक केलं!

"कालची ना ही? पोर रेललं आणि हलली नाही? गोमार, वीट ठरली!"

मला रडूच फुटलं. ठरली ना? मग लावा! आत्ता लावा!

गोमारनं थापी पुसली, पिशवीत ठेवली. "लावू की वहिनी. सुट्टी संपली की."

बांधकामाची सुट्टी! जुलैत आमचे सगळे गवंडी एकदम जातात समुद्रावर, देशात खिळा ठोकायला माणूस मिळत नाही! सासरे मात्र खूश. "बरंच झालं! तेवढ्यात विटांच्या सांध्यांचा रंग ठरवू."

तर सध्या भिंत म्हणजे मी. सकाळपासून ओढ्याकडं पाठ करून खुर्ची टाकते. लोदे येतो, माझ्या गुडघ्यांवर आपटतो, हसतो, परत जातो. काल सासरे रंगाचे डबे घेऊन आले, बराच वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले. मला भरून आलं. म्हटलं, आता म्हणतील, दमलीस पोरी, ऊठ, मी बसतो जरा.

म्हणाले, "सूनबाई, थोडी डावीकडं सरक. नमुन्यावर तुझी सावली पडतेय."

सरकले.