चासीला लावलेला रबर

हसायचं तर मला हसा, पण त्या वेल्डरला दोष देऊ नका. त्याने मला दोनदा विचारलं होतं.

आमच्या पप्पांकडे रेल्वे इंजिनाचं एक जुनं परदेशी मॉडेल होतं. डायनिंग टेबलावर रूळ मांडून ते रोज संध्याकाळी चालवायचे. एकदा त्याची चासी, म्हणजे चाकं बसतात तो धातूचा सांगाडा, मधोमध तडकली. पप्पांनी तिला रबर गुंडाळला आणि इंजिन पुन्हा पळायला लागलं. मलाच ते बघवेना. एवढं देखणं इंजिन आणि त्याला कोथिंबिरीच्या जुडीचा रबर!

पप्पा बाहेर गेलेले बघून मी चासी सोडवली आणि थेट हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डिंगच्या गाळ्यात गेलो. म्हटलं, सरप्राइज देऊ.

वेल्डर म्हणाला, "साहब, लोहा ही है ना?"

"हां हां, एकदम असली."

"चुंबक लगा के देख लूँ?"

"अरे, फॉरेन का माल है. तुम वेल्डिंग मारो ना."

त्याने गॅस पेटवला. तडा सांधायचा राहिला बाजूला, बघता बघता अख्खी चासी तुपासारखी वितळली.

घरी येऊन तो गोळा पप्पांच्या हातात ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाले, "जस्ताची होती रे. आच सोसत नाही तिला. म्हणून तर रबर लावला होता."